फोनच्या तासातला श्वास

ऑनलाइन तास सुरू झाला की आमच्या शाळेतल्या बाकीच्या बाई पहिली आज्ञा सोडतात, सगळ्यांनी आपापले माइक बंद करा. मी सोडत नाही. माझ्या तासाला कुणाच्या घरी कुकर शिट्ट्या देतो, कुणाचा कुत्रा भुंकतो, कुणाची आई अंघोळ झाली का म्हणून खेकसते, आणि मी ते सगळं ऐकून घेते. सुरुवातीचा थोडा वेळ तर मी शिकवतच नाही, नुसती ऐकत बसते. मुख्याध्यापिकांनी मला समजावून पाहिलं, बाई, या गोंगाटाने तासाचा विचका होतो. होऊ दे विचका. तासाचा विचका झाला म्हणून कुणी मरत नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते रोह्याला, मी दहावीत असताना. नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. कॉम्प्युटर आम्ही फक्त बँकेत पाहिलेला, तोही काचेपलीकडून. पण दुसऱ्या गावातल्या सरांनी न येता आम्हाला शिकवणं, हा प्रकार मात्र आमच्या वाट्याला तेव्हाच आला होता.

झालं असं, की आमचे विज्ञानाचे सर दिवाळीच्या सुट्टीत गल्फला गेले ते गेलेच. त्यांचे दोन भाऊ आधीच तिकडे होते, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. पण दहावीचं वर्ष आणि विज्ञानाला माणूस नाही, म्हणून आईबापांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याच संस्थेची मोठी शाळा पेणला होती आणि तिथले विज्ञानाचे सर सगळ्या तालुक्यात नावाजलेले. त्यांना रोह्याला आणायचं तर पेणची दहावी उघड्यावर पडते. मग संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी डोकं लढवलं. मुंबईत कुठल्याशा कंपनीत त्यांनी टेबलावर फोन ठेवून दोन गावचे साहेब एकमेकांशी बोलताना पाहिले होते. ते म्हणाले, साहेबलोकांना जमतं ते आपल्याला का नाही जमणार? सर पेणला शिकवतील आणि रोहा ऐकेल.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने हेडसरांच्या खोलीतला फोन लांब वायर ओढून आमच्या वर्गात आणला आणि त्याला प्रार्थनेचा कर्णा जोडून दिला. कर्ण्याचा गुण असा की तो काही लपवत नाही. पेणच्या वर्गात कुणाचा कंपास पडला तरी आम्ही रोह्यात दचकायचो. बुधवारी आणि शनिवारी हेडसर स्वतः नंबर फिरवायचे, कर्ण्यातून आवाज यायचा, "रोहा, आवाज येतोय?" आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "येतोय सर." शंका असेल तर टेबलावरची घंटी वाजवायची. मग तिकडे काहीतरी खरखर व्हायची आणि सर म्हणायचे, हं, बोल.

पॅसेंजरने कासू स्टेशन ओलांडलं की पेण आलंच, इतकं जवळ. पण आमच्यापैकी कुणीही त्या सरांना पाहिलेलं नव्हतं. आमच्या डोळ्यांसमोर चित्र असं, की सर टेबलाशी उभे आहेत आणि पुढ्यात आमच्यासारखाच फोन आहे. ती खरखर कसली, असा प्रश्न कुणाला पडला नाही. फोन म्हटला की खरखरायचाच.

सर मात्र भन्नाट होते. खडूस नव्हते, पण टोमणे असे मारायचे की पोरगं महिनाभर विसरणार नाही. रोहेकर, घोरताय काय रे, पेणपर्यंत ऐकू येतंय, म्हणायचे. प्रकाशाचं अपवर्तन आकृती न दाखवता, नुसतं बोलून शिकवणं सोपं नाही. सरांनी ते शिकवलं आणि मला अजून येतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणी त्यांना वाईट माणूस म्हणेल आणि ते मला चालणार नाही.

संक्रांत झाली असेल नसेल, तेव्हा मी तो श्वास पहिल्यांदा ऐकला. सरांचं वाक्य संपलं की त्याच्या मागोमाग एक बारीक शिट्टी यायची, सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा जाते तशी. वर्गातली पोरं म्हणाली, लाइन खराब आहे. पण ती शिट्टी मी ओळखत होते.

आदल्या वर्षीच माझे धाकटे काका गेले होते, आमच्याच घरात. त्यांना दमा. शाळेतून आले की मी त्यांच्या खाटेशी बसून अभ्यास करायची, त्यामुळे त्या दुखण्याची चाल मला पाठ झाली होती. आधी नुसती चढ चढल्यावर शिट्टी. मग बोलताना. मग बसल्या जागी. मग वाक्य अर्ध्यात तुटायला लागतं आणि गळ्याखालची खळी आत ओढली जाते. आणि सगळ्यात शेवटी शिट्टी थांबते. काकांची थांबली त्या दुपारी आई किती खूश झाली होती, म्हणाली, आज छाती वाजत नाय, उतार पडला वाटतं. डॉक्टर आले आणि त्यांनी कानाची नळी लावून लगेच गाडी बघायला सांगितली. हवाच आत जात नव्हती, वाजणार काय? गाडी दारात येईपर्यंत काका संपले होते.

म्हणून मी दर बुधवारी आणि शनिवारी कान लावून बसायला लागले. श्वास वाढत होता. आधी वाक्याच्या शेवटी यायचा, तो आता मधल्या स्वल्पविरामातही यायला लागला. मी शेजारणीला सांगितलं, सरांना दमा आहे. शेजारणीने तिच्या शेजारणीला सांगितलं. आठवडा गेला नाही तोवर सगळा वर्ग सरांचा धडा सोडून सरांचा श्वास ऐकत होता. कर्ण्याखाली चिडीचूप. सरांना वाटायचं, काय गुणी वर्ग आहे. कर्णा इतका मोठा की तो श्वास सगळ्या खोलीचाच वाटायचा, भिंतीलाच धाप लागलीय जशी. काही मुली रडवेल्या व्हायच्या. सर गेले तर, हे कुणी बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

एक गोष्ट मला खटकायला हवी होती. सरांचा आवाज ठणठणीत होता. लांबलचक वाक्यं ते एका दमात बोलायचे. काकांना तर शेवटी "पाणी" म्हणतानाही मध्ये थांबावं लागायचं. पण मी माझी समजूत घातली, सर मनाचे घट्ट आहेत, पोरांसमोर दाखवत नाहीत. माणूस कसा सोयीचं ते मानून घेतो बघा.

शेवटी मीच हेडसरांकडे गेले. त्यांनी आधी मला उडवून लावलं. मग शनिवारी येऊन वर्गात मागच्या बाकावर बसले, आणि तास अर्धा होईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी त्याच दिवशी पेणला फोन केला, पदाधिकाऱ्यांना सांगितलं, सरांच्या बायकोला सांगितलं. सर चिडले, नाही म्हणाले, मग बायकोपुढे चालेना तेव्हा गेले. पदाधिकाऱ्यांनी स्वतःची गाडी दिली. वडखळच्या नाक्यावरून अलिबागला नेऊन छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, काय काय केलं. इकडे आमच्या वर्गातल्या मुलींनी ग्रामदैवताला, धावीर महाराजांना नारळ बोलला, सरांच्या नावाने. मी आमच्या बाबांकडून हट्टाने चांगला पाणीदार नारळ आणवला होता.

सरांना काहीही झालेलं नव्हतं. फोटो स्वच्छ.

पुढच्या बुधवारी कर्ण्यातून सर गरजले, रोहेकर, मी अजून शंभर वर्षं तुमच्या मानगुटीवर बसणार आहे, आणि ती डॉक्टरीणबाई कोण आहे तिने उभं राहावं. मी उभी राहिले. पेणचा वर्ग तिकडे हसला, आमचा इकडे. मीपण हसले. खरंच जिवात जीव आला होता. मग हसू ओसरलं आणि कर्ण्यात तो श्वास होताच. पहिल्यापेक्षा जोरात.

वर्गातलं कुणी कुणाकडे बघेना. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, आणि तरी हे काय? माझ्या मागच्या बाकावरची मुलगी रामरक्षा पुटपुटायला लागली. सर आम्ल आणि अल्कली शिकवत होते. मध्येच म्हणाले, थांबा जरा, मी प्रयोगशाळेतून लिटमस घेऊन येतो. त्यांच्या चपलांचा आवाज आला. फट फट करत तो लांब गेला, दार करकरलं, आणि आवाज बंद झाला. सर गेले.

श्वास गेला नाही.

तो तिथेच होता, फोनजवळ. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना शिट्टी. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नसेन. मी घंटी वाजवली नाही, सरळ टेबलाशी गेले आणि फोनवर वाकून विचारलं, "कोण आहे तिकडे?"

खरखर झाली. मग एक म्हातारा आवाज आला, खाडीकडच्या माणसांचा असतो तसा, प्रत्येक दोन शब्दांमागे थांबत. "मी हाय गो... फोन धरलाय."

मी विचारलं, मामा, तुम्हाला दम लागतोय का? शाळेच्या शिपायांना आम्ही मामाच म्हणायचो आणि तो शिपाईच असणार हे मला त्या क्षणी कळून चुकलं होतं. ते म्हणाले, "नाय गो. सर येतील... गप बस जा."

सर आले तेव्हा मी फोनपाशीच होते. मी त्यांना सांगितलं, की सर, तो श्वास तुमचा नाही, मामांचा आहे. सर मनापासून हसले. किती दिवसांचं ओझं उतरलं असेल त्यांच्या छातीवरचं! आणि मग हसत हसत त्यांनी जे सांगितलं, ते पेणच्या वर्गाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि आम्हाला सांगण्यासारखं कुणालाच वाटलं नव्हतं. सरांना फिरत शिकवायची सवय, दोन्ही हात फळ्याला लागायचे. म्हणून शिपाईमामा सगळा तास सरांच्या बाजूला उभे राहून, ते जातील तिकडे जाऊन, रिसीव्हर त्यांच्या तोंडाशी धरायचे. रोह्याची घंटी वाजली की तो त्यांच्या कानाला लावायचे. ती खरखर म्हणजे त्यांचा हात. आमचे सगळे तास त्या माणसाच्या हातातून आले होते आणि आम्हाला तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, "तो तसाच आहे गं. पूर्वी धरमतरच्या बंदरात बार्जमधला कोळसा उपसायचा, तेव्हापासून छाती वाजते त्याची. त्याला काय होतंय!"

पेणचा वर्ग हसला. आमचा वर्ग हसला. हेडसर तर इतके मोकळे झाले की तास संपल्यावर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी झालं की गं तुझं.

मी म्हटलं, "मग आता बंब सोमेश्वरी न्या ना, सर."

त्यांचं हसू मावळलं. मोठ्यांशी कसं बोलावं हे मला शिकवायला हवं, असं ते म्हणाले, आणि पेणचा शिपाई पेणवाले बघतील, असंही म्हणाले. सरांसाठी गाडी निघाली होती, पदाधिकारी निघाले होते, देवाला नारळ फुटला होता. तोच श्वास, तीच शिट्टी. माणूस बदलल्याबरोबर दुखणं गेलं. माझं टाळकं असं फिरलं होतं की मी त्या दिवशी घरी जेवले नाही. नारळ कुणाच्या नावाने फोडला आणि कुणाच्या नावाने फोडायला हवा होता, हा विचार काही डोक्यातून जाईना.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात वाईट वाटतात. कारण वर्गातली भीतीच गेली. श्वास वाढतच होता, उभ्या जागी शिट्टी होत होती, पण आता पोरं निवांत वह्या काढून लिहीत होती. काय आहे ते कळलं होतं ना, मग घाबरायचं कशाला? एकटी मी कानात बोटं घालून बसायची आणि पुन्हा काढून ऐकायची. घंटी वाजवून मी घाईघाईने आधी विचारून घ्यायची, मामा, औषध घेतलंत का? रिसीव्हर सरांच्या कानापर्यंत जायच्या आत उत्तर यायचं, "घेतलं गो." नंतर नंतर नुसतं "व्हय." मग हेडसरांनी घंटी उचलून पहिल्या बाकावरच्या मुलाकडे दिली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, आपण कोण त्यांचे? आणि काकांची रिकामी खाट होती तिकडे बघत बसली.

मग एका बुधवारी शिट्टी कमी झाली.

वर्गाला बरं वाटलं. हेडसर म्हणाले, आज आवाज बरा आहे. सरही तिकडून म्हणाले, छान. मी मात्र पेन खाली ठेवलं. शिट्टीच्या जागी आता एक लहान, कोरडा, घाईचा आवाज होता, सुपात तांदूळ हलवावेत तसा. दोन आवाजांच्या मध्ये काहीच नाही. मी घंटी न वाजवता, कुणी विचारलं नसताना, जागेवरून उठून ओरडले, "सर, मामांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. त्यांची छाती वाजत नाही."

पेणचे सर माझ्यावर रागावले नाहीत. फार मायेने म्हणाले, "बरं बरं, डॉक्टरीणबाई. तास संपल्यावर बघतो हं मी." आणि विद्युतधारेवर आले. हेडसरांनी मला दंडाला धरून व्हरांड्यात उभं केलं. तिथून सरांचा आवाज ऐकू येत होता, श्वास ऐकू येत नव्हता. मी खिडकीशी जाऊन कान टेकला तेवढ्यात एमआयडीसीतल्या कुठल्या तरी कंपनीचा शिफ्टचा भोंगा झाला आणि त्यात सगळंच बुडालं. भोंगा थांबला तेव्हा तास संपला होता.

शनिवारी हेडसरांनी नंबर फिरवला, कर्णा लागला आणि आवाज असा आला की पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शिट्टी नाही, खरखर नाही, काही नाही. सर वर्गातच उभे आहेत इतका स्वच्छ. हेडसर म्हणाले, टेलिफोनवाल्यांनी लाइन सुधारलेली दिसते, तक्रार केली होती मी. सरांनी विचारलं, रोहा, आवाज येतोय? येतोय सर, वर्ग म्हणाला.

मी उठले, पहिल्या बाकावरून घंटी घेतली आणि वाजवली. हेडसर बघत राहिले. घंटीनंतर दर वेळी खरखर व्हायची, ती झाली नाही. थोड्या वेळाने सरांचाच आवाज आला, वाकून बोलल्यासारखा. हं, बोल.

"सर, फोन कुणी धरलाय?"

तिकडून काही आलं नाही. ती शांतता कर्ण्यातून सगळ्या वर्गात पसरली आणि तिच्यात कुणाचाच श्वास नव्हता.

"स्टँडला लावलाय," सर म्हणाले. "प्रयोगशाळेतला. ब्युरेटचा." मग घसा खाकरून म्हणाले, "तो गेला गं. गुरुवारी, घरीच. बुधवारी तास संपल्यावर मी बघणार होतो, पण तोवर तो एस.टी.ने निघून गेला होता."

ब्युरेटचा स्टँड प्रत्येक शाळेत असतो. पेणच्याही कपाटात तो पहिल्या दिवसापासून असणार. लोखंडी, चिमटा लावलेला, तासभर हात वर धरून न थकणारा. मी फोनवर तसंच म्हणाले, की सर, हा स्टँड तर आधीपासूनच होता ना. सर म्हणाले, होता गं. त्यांचा आवाज जड झाला होता, हे मला स्वच्छ ऐकू आलं. त्यांना वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण समोर पेणची दहावी बसली होती, फोनवर रोह्याची, आणि परीक्षा तोंडावर आली होती. शेवटी त्यांनी दर तासाला जे विचारायचे तेच विचारलं.

"आता आवाज नीट येतोय ना?"

आणि आमचा सगळा वर्ग, सवयीने, एका सुरात ओरडला, "एकदम स्वच्छ, सर."